वेड्या बाभळीचा वाडगा

दिल्लीत लेथवर लाकूड कातणाऱ्या कुणालाही त्याचं आवडतं लाकूड विचारा, उत्तर येईल शीशम. उत्तर चुकीचं नाही, पण ते फार विचार न करता आलेलं असतं. मैफलीत काय ऐकायला आवडेल म्हटल्यावर भैरवी सांगून मोकळं व्हावं, तसं. शीशमबद्दल पुढे बोलूच. आधी माझ्या टेबलावरच्या एका वाडग्याबद्दल बोलायचं आहे. हा वाडगा विलायती कीकरचा आहे. महाराष्ट्रात या झाडाला वेडी बाभूळ म्हणतात. दिल्लीत त्याच्याइतक्या शिव्या दुसऱ्या कुठल्याही झाडाला बसत नाहीत, आणि माझं म्हणणं असं की कातकामासाठी या शहरात त्याच्याहून सरस लाकूड नाही.

शिव्या उगाच बसत नाहीत. झाड मूळचं मेक्सिको आणि कॅरिबियन बेटांकडचं. 1877च्या सुमारास ते हिंदुस्थानात आलं आणि नवी राजधानी उभी राहत असताना इंग्रजांनी ते दिल्लीच्या रिजवर लावलं. रिज म्हणजे अरवलीची या शहरात शिरलेली शेपटी. सुमारे 7,777 हेक्टर खडकाळ जमीन, पाणी नाही, माती पातळ. तिथे लवकर काहीतरी हिरवं दिसावं, एवढीच तेव्हाची अपेक्षा होती. झाडानं ती गरजेपेक्षा जास्त पुरी केली. त्याच्या गोड शेंगा गुरं आणि नीलगाई खातात, बिया शेणातून दूरवर पडतात, मुळं खोल जातात, आणि त्याच्या सावलीत मूळच्या झाडांची रोपं वर येत नाहीत. आज रिजवर बघावं तिकडे तेच दिसतं. दिल्ली विद्यापीठातले पर्यावरणशास्त्रज्ञ सी. आर. बाबू यांनी यावर सुचवलेला उपाय संयमाचा आहे. झाड मुळासकट न उपटता वरचा पसारा छाटायचा, उजेड खाली सोडायचा, आणि त्या उजेडात देशी रोपं वाढवायची. हे व्हावं असं मलाही वाटतं. मी झाडाची वकिली करत नाही, त्याच्या लाकडाची करतो. ते दोन निराळे खटले आहेत.

आता वाडगा. रुंदी वितीहून थोडी जास्त, उंची चार बोटं. वाचायला सुरुवात कडेपासून करावी, कारण सगळ्यात आधी डोळा तिथे जातो. कडेच्या एकाच बाजूला लिंबासारख्या पिवळ्या रंगाची चंद्रकोर आहे. बाकी कड गडद. ही पिवळी पट्टी म्हणजे सालीलगतचं कोवळं लाकूड, ज्यातून झाडाचं पाणी वर चढतं. सालीकडची बाजू तोंडाला ठेवून कातलं की ती कडेवर समोरासमोर दोन ठिकाणी उमटायला हवी. इथे ती एकाच ठिकाणी आहे, कारण खोड वाकडं होतं आणि गाभा मध्यावर नव्हता. वेडी बाभूळ सरळ वाढतच नाही. बुंध्यापासून चार फांद्या चार दिशांना जातात, प्रत्येक फांदी उजेडाकडे ओढ घेते, आणि गाभा एका अंगाला सरकतो. सुताराच्या दृष्टीनं हा मोठा दोष आहे. या झाडाची सहा फुटी सरळ फळी शोधून सापडायची नाही, म्हणून ते चुलीत जातं. कातणाऱ्याला फळी लागतच नाही. त्याला हातभर ठोकळा पुरतो, आणि वाकडेपणातून त्याला ही चंद्रकोर फुकट मिळते. मी ती मुद्दाम साधली म्हटलं तर ते खोटं होईल. ठोकळा कुठून कापायचा एवढंच माझ्या हातात होतं.

कडेवरून भिंतीवर उतरलं की रंग. कापल्या कापल्या या गाभ्याला जांभळट झाक असते. हवा लागली की ती विरते आणि उरतो तांबूस-तपकिरी रंग, काही ठिकाणी जुन्या गुळाच्या ढेपेइतका गडद. शीशमसारखे काळे-सोनेरी पट्टे यात नाहीत. नजरेला खेळवणारं काही नाही, आणि इथेच बरेच जण या लाकडाला मागचा बाक देतात. पण वाडगा हातात घेऊन खिडकीशी सावकाश फिरवा. ओंडका उभा चिरून त्याच्या अर्ध्या भागातून वाडगा निघतो, म्हणून लाकडाचे धागे वाडग्याच्या आरपार एका दिशेनं गेलेले असतात. भिंतीवर दोन ठिकाणी त्यांची लांबी दिसते आणि दोन ठिकाणी त्यांची कापलेली टोकं. लांबीच्या बाजूला उजेड घरंगळतो, टोकांच्या बाजूला तो आत मुरतो. एका फेरीत वाडगा दोनदा उजळतो, दोनदा गडद होतो. पट्टेदार लाकडात हा खेळ पट्ट्यांच्या गोंगाटात हरवतो. इथे दुसरं काहीच चाललेलं नसल्यानं तो स्वच्छ दिसतो.

कातणाऱ्याची परीक्षाही याच चार ठिकाणी असते. लेथचा एक फेरा झाला की पटाशीला दोनदा धाग्यांच्या लांबीवरून आणि दोनदा त्यांच्या टोकांवरून जावं लागतं. टोकांकडे धार जराही उतरलेली असली की धागे कापले जाण्याऐवजी उपटले जातात, आणि पृष्ठभागावर खरखरीत डाग पडतात. मग काचकागद घेऊन घासत बसायचं. जांभूळ आणि कडुनिंब यासाठी कुप्रसिद्ध आहेत. वेडी बाभूळ इथे सौजन्यानं वागते. लाकूड घट्ट, पोत सारखा, म्हणून टोकांकडची बाजूही पटाशीखालून गुळगुळीत निघते. भिंतीवर बोट फिरवून डोळे मिटले तर कुठे लांबी संपली आणि कुठे टोकं सुरू झाली ते कळत नाही. माझ्या मते कातकामाच्या लाकडाला द्यायची ही सगळ्यात मोठी दाद आहे.

भिंतीच्या मध्यावर एक तडा आहे, केसाएवढा बारीक, गाभ्याकडून सालीकडे गेलेला. शेजारी किड्यांनी पाडलेली दोन-तीन भोकं. भोकं फक्त पिवळ्या भागात आहेत. कोवळ्या लाकडात पिष्ट असतं, किडे त्यावर जगतात, आणि गाभ्याच्या वाटेला जात नाहीत. तडा राळेनं भरून काढता आला असता. हल्ली निळी, हिरवी, चकाकणारी राळ भरायची फॅशन आहे आणि ती मला मुळीच आवडत नाही. तडा हा लाकडानं सांगितलेला मजकूर आहे. त्यात रंगीत काच ओतली की मजकूर जातो आणि काच उरते.

तळ उलटा करून पाहिला तर वर्तुळं अंधुक दिसतात. ती मोजून झाडाचं वय काढायला गेलात तर हाती फारसं काही लागत नाही. थंड देशातल्या ओकसारखी वर्षाची स्पष्ट रेघ हे झाड ओढत नाही.

या वाडग्याचा खरा गुण मात्र डोळ्यांना दिसत नाही, फूटपट्टीला दिसतो. वाडगा गोल आहे. कातला तेव्हा गोल होता, आणि मधे एक उन्हाळा व एक पावसाळा जाऊनही गोलच राहिला. दिल्लीच्या संदर्भात हे लहानसहान काम नाही. ओल्या लाकडातलं पाणी उडालं की ते आकसतं, आणि सगळ्या दिशांना सारखं आकसत नाही. वर्तुळांच्या दिशेनं जास्त, गाभ्याकडून सालीकडे कमी, लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून ओल्या लाकडाचा गोल वाडगा सुकताना लंबगोल होतो. उपाय ठरलेला आहे. ओलं असताना ढोबळ कातायचं, भिंतीची जाडी रुंदीच्या दहाव्या हिश्श्याएवढी ठेवायची, काही महिने सावलीत सुकू द्यायचं, वाकडं व्हायचं ते होऊ द्यायचं, आणि मग पुन्हा लेथवर चढवून गोल करायचं. पण सुकलेलं लाकूडही हवेतलं पाणी घेत-देत राहतं. मे-जूनमध्ये लू सुटते तेव्हा इथली हवा पापड वाळवायलाही जास्त कोरडी असते. दीड महिन्यानं त्याच घरात भिंतींना ओल येते. पुण्या-मुंबईत लाकडाला एवढी दमछाक नसते. दिल्लीत एकाच वर्षात त्याला वाळवंट आणि कोकण दोन्ही भोगावं लागतं.

वेड्या बाभळीची अमेरिकेतली बहीण म्हणजे टेक्सासची मेस्किट. तिचे आकडे लाकडाच्या जगात प्रसिद्ध आहेत. वर्तुळांच्या दिशेनं तिचं आकसणं सुमारे 3 टक्के, गाभा-साल दिशेनं 2 टक्क्यांच्या आत. ज्याच्या स्थिरपणाच्या आपण शपथा घेतो तो साग वर्तुळांच्या दिशेनं 5 टक्क्यांच्या आसपास आकसतो. मेस्किटच्या या गुणामुळेच एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरात तिचे षट्कोनी ठोकळे बसवून रस्ते केले होते. टेक्सासचे कातणारे आज मेस्किटवर जीव टाकतात. तिच्या बहिणीला आपण रिजवरून ट्रकमध्ये भरून जाळायला पाठवतो.

आणि आवाज. वाडगा बोटांच्या टोकांवर तोलून नखानं टिचकी मारली की खणखणीत नाद येतो, चिनीमातीच्या जवळ जाणारा. भुशाला किंचित गोडसर वास असतो, शेंगांची आठवण करून देणारा. पटाशीला मात्र हे लाकूड फुकट काही देत नाही. धार लवकर जाते आणि वारंवार दगडावर न्यावी लागते.

आता शीशम. या लाकडाला दाद देताना हात आखडता घेण्याचं कारण नाही. यमुनेच्या गाळात, कालव्यांच्या काठानं, हरियाणाच्या रस्त्यांच्या कडेला ते उत्तम वाढतं. आपल्या शिसवीचं ते भावंड आहे. शिसवीचा काळोख त्यात नाही, पण सोनेरी ते गडद तपकिरी अशा रेघा आहेत, आणि पॉलिशचा पहिला हात फिरताच त्या उजळून येतात. शीशमचं सर्वोत्तम रूप पाहायचं तर दिल्लीच्या फर्निचर बाजारात जाऊ नये. कीर्तीनगरच्या गल्ल्यांतून दिवसभर फिरलात तरी कोरीव पाठीचे सोफेच दिसतील. त्याऐवजी रोहतक किंवा झज्जरकडच्या एखाद्या जुन्या घरातली खाट पाहावी. तिचे पाये कातलेले असतात. मणी, खाच, पुन्हा मणी, मग लांब फुगीर सुरई, शेवटी जमिनीवर टेकणारा आखूड गोळा. मण्यांच्या मधे लाल, पिवळ्या, काळ्या लाखेचे पट्टे. हे काम करणारा खरादी जमिनीवर बसून कातत असे. एका हातानं धनुकली ओढून ठोकळा मागे-पुढे फिरवायचा, दुसऱ्या हातात पटाशी, आणि तिला टेकू पायाच्या बोटांचा. आपल्याकडचे कातारीही असेच बसत. धनुकलीवर ठोकळा एकदा इकडे, एकदा तिकडे फिरतो, म्हणजे अर्धाच वेळ कापता येतं. उरलेल्या अर्ध्या वेळात हात किंचित मागे घ्यायचा. हे इतकं सहज व्हायला हवं की मण्याच्या गोलाईत कुठे थांबल्याची खूण उमटता कामा नये. जुन्या पायांवर ती खूण शोधूनही सापडत नाही. शीशम इथे मनापासून साथ देतं. मण्याची कड बारीक राहते, तुटत नाही, वर्षानुवर्षं माणसं बसून-उठूनही बोथट होत नाही.

मग तक्रार काय? शीशम कातणाऱ्याला आळशी करतं. रेघा इतक्या देखण्या असतात की आकार बेताचा असला तरी लोक वाहवा करतात. प्रदर्शनांतून शीशमचे जड बुडाचे, जाड कडेचे वाडगे मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि प्रत्येकाभोवती कौतुक करणारे चारजण उभे असतात. वेड्या बाभळीच्या वाडग्याचा आकार फसला तर त्याला झाकायला काहीच नसतं. शिवाय शीशमचा भुसा काहींच्या अंगाला खाजवतो, नाकात जातो. आणि झाडही पूर्वीसारखं राहिलेलं नाही. 1990च्या दशकात उत्तर भारत, नेपाळ, पाकिस्तान सगळीकडे शीशम शेंड्यापासून वाळायला लागलं, रस्त्याकडेच्या रांगाच्या रांगा गेल्या. 2 जानेवारी 2017पासून शिसवीच्या अख्ख्या वंशावर सायटिस या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराचे निर्बंध आले, त्यात शीशमही आलं. कागदपत्रं परदेशी पाठवणाऱ्यांनाच लागतात. पण एकेकाळी सर्पणाच्या मोलानं मिळणारं लाकूड आता जपून वापरायचं झालं, हे कातणाऱ्यालाही जाणवतं.

जांभळाविषयी माझं मन द्विधा आहे. नवी दिल्लीची आखणी झाली तेव्हा रस्त्यारस्त्याला कुठलं झाड लावायचं हे शहराचे वास्तुकार ल्युटेन्स आणि बागकामाचे अधिकारी डब्ल्यू. आर. मस्टो यांनी ठरवलं. राजपथावर, म्हणजे आजच्या कर्तव्यपथावर, जांभळीच्या रांगा आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर त्यांची फळं उतरवायचे ठेके दिले जातात, फुटपाथ जांभळा होतो, आणि वारा आला की फांद्या पटकन मोडतात. त्या फांद्यांचं लाकूड करडं-तपकिरी, आत गुलाबी झाक. धागे थराथरानं उलटसुलट विणलेले असतात. त्यामुळे वाडगा फिरवला की चमक पट्ट्यापट्ट्यांनी इकडून तिकडे पळते, आणि याच विणीमुळे पटाशीखाली धागे उपटतात. सुकताना तर हे लाकूड अंगात आल्यासारखं करतं. वळतं, पिळतं, आतून तडकतं.

आता गंमत बघा. उत्तर भारतात विहीर बांधताना तळाशी लाकडाचं गोल कडं ठेवून त्यावर विटांचे थर चढवत नेत, आणि ते कडं जांभळाचं असे. त्याला जमवट म्हणत. पाण्याखाली शतकानुशतकं न कुजता, न हलता विहिरीचा भार पेलणारं लाकूड ते हेच. म्हणजे दोष लाकडात नाही, हवेत आहे. पाण्यात त्याला सुकावं लागत नाही, म्हणून ते शांत राहतं. दिल्लीच्या घरात त्याला दर ऋतूला कूस बदलावी लागते. मी जांभळाचे वाडगे कातायचं सोडलं आहे. त्याच्या लहान वस्तू करतो, लाटणी, मुठी, भोवरे, ज्यात पिळायला जागा नसते. लंबगोल झालेला एक वाडगा मात्र ठेवला आहे. तो गोल होता तेव्हापेक्षा आज जास्त देखणा दिसतो, हे मान्य करायला हवं.

तुतीचं लाकूड हातात घेतलं की मेरठ आठवतं. 1947मध्ये सियालकोटहून आलेल्या कारागिरांनी तिथे खेळाच्या सामानाचा धंदा उभा केला. हॉकी स्टिक तुतीच्या लाकडाची, वाफेवर वाकवलेली. आता स्टिका कार्बन फायबरच्या झाल्या, पण स्टंप आणि बेल्स अजून लेथवरच निघतात. वाफेवर वळण्याची जी लवचीकता हॉकीला हवी होती ती कातणाऱ्यालाही जाणवते. तुतीचे छिलके तुटत नाहीत. ओल्या ठोकळ्यातून लांबच लांब फिती खांद्यावरून मागे उडत राहतात, आणि कातण्यातलं निव्वळ सुख पाहिजे तर ते तुतीत आहे. ताज्या लाकडाचा रंग हळदीसारखा पिवळा असतो. उन्हात ठेवलं की काही आठवड्यांत तो मधासारखा होतो, पुढे तपकिरी. पिवळ्यावर भाळून कुणी वाडगा विकत घेतला तर त्याला हे आधी सांगावं. दिल्लीतल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या कॉलनीत तुतीचं झाड आहे, म्हणून लाकूड मिळतंही सहज.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. शिरीषाला इंग्रज व्यापारी ईस्ट इंडियन वॉलनट म्हणून विकत असत. अक्रोडाशी साम्य खरंच आहे, पण भुशानं इतक्या शिंका येतात की मास्कशिवाय वाटेला जाऊ नये. कडुनिंब महोगनीच्या कुळातला. रंग त्याची साक्ष देतो, पोत देत नाही, आणि दिवसभर कातलं की जिभेवर कडू चव राहते. अकबर रोडवर चिंचेची झाडं आहेत. चिंचेचा गाभा जांभळट आणि घट्ट, पण खोडाच्या मानानं फार लहान, बाकी सगळं पांढरं. खाटकाचे ठोकळे चिंचेचे का असतात ते पहिल्या दोन मिनिटांत पटाशीला कळतं. आंबा सामान्य. अपवाद एकच. पावसात पडून राहिलेल्या आंब्याच्या ओंडक्यात बुरशी शिरते, आणि बुरशीच्या दोन वसाहती भिडतात तिथे शाईच्या टाकानं ओढल्यासारख्या काळ्या रेघा उमटतात. योग्य वेळी उचलला तर हा ओंडका सोनं, महिनाभर उशीर झाला तर भुसा. साध्या आंब्याला मी हात लावत नाही. असा मिळाला तर बाकीची कामं सोडतो.

मराठी वाचकाला इथे सावंतवाडी आठवली असेल. चितारआळीतली लाकडी फळं आणि खेळणी पांगाऱ्याची असतात. पांगारा मऊ, हलका, फिका, आणि रंगाखाली पूर्ण झाकला जाणारा. कर्नाटकातल्या चन्नपटणाची खेळणी ज्या लाकडाची, तो आपला काळा कुडा. हस्तिदंतासारखा पांढरा, रेघ जवळजवळ नाही. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणानं लाख वितळून पसरते, आणि केवड्याच्या पानानं तिला झळाळी आणतात. खालचं लाकूड पांढरं असल्यानं रंग निर्मळ दिसतो. म्हणजे तिथे लाकडाचा गुण असा की ते स्वतः मागे राहतं. हाच कुडा दिल्लीच्या आसपास अरवलीत दुधी नावानं वाढतो. त्याची लाखेनं रंगवलेली खेळणी जरूर व्हावीत. पण वेड्या बाभळीवर किंवा तुतीवर कुणी रंग चढवत असेल तर त्याचा हात धरावा. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून तिचे दोन पातळ हात, नाहीतर नुसतं जवसाचं तेल. याहून अधिक त्यांना काही लागत नाही.

एक लाकूड मी कधीच कातलेलं नाही आणि कातणारही नाही. फरिदाबाद-गुरुग्रामच्या मधे मांगर गावाजवळ मांगर बनी नावाचं खोरं आहे. तिथे धौची झाडं आहेत, आपल्या धावड्याच्या जवळच्या नात्यातली. लाकूड चिवट, कुऱ्हाडीच्या दांड्याला नावाजलेलं. आजूबाजूच्या गुज्जर गावांची गुदडिया बाबांवर श्रद्धा आहे आणि त्या बनीतली काटकीही कुणी उचलत नाही. पडलेली फांदी तिथेच कुजते. चहूबाजूंनी खाणी आणि इमारती आल्या तरी दिल्लीची अरवली मुळात कशी होती हे आज पाहायचं तर तिथेच जावं लागतं. वेडी बाभूळ बाकी सगळीकडे पसरली आणि धौचं राज्य तिथे टिकलं, त्यामागे हा दंडक आहे. कातणाऱ्यानं तिथे हात खिशात ठेवून हिंडावं.

मग लाकूड आणायचं कुठून? दिल्लीत 1994चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. जमिनीपासून 30 सेंटिमीटर उंचीवर ज्याचं खोड 5 सेंटिमीटर जाड आणि उंची एक मीटर, ते कायद्यानं झाड. परवानगीशिवाय ते तोडता येत नाही, आणि हे योग्यच आहे. कातणारा म्हणून मला तोडायचं नसतंच. या शहरात वादळ पुरेसं पाडतं. 30 मे 2022च्या संध्याकाळी सफदरजंगला ताशी 100 किलोमीटरचे झोत नोंदले गेले, जामा मशिदीच्या घुमटाचा कळस मोडून पडला, आणि दुसऱ्या दिवशी कॉलन्या-कॉलन्यांत कडुनिंब, तुती, शिरीष आडवे पडलेले होते. दरवर्षी मे-जूनच्या आंधीत थोड्याफार प्रमाणात हेच होतं. पडलेल्या झाडांचे ओंडके भराभर कापून उचलले जातात. रीतसर तोडणीच्या परवान्यात तर फांद्या-डहाळ्या जवळच्या स्मशानभूमीला विनामूल्य पोचवण्याची अट असते. त्या अटीवर माझा आक्षेप नाही, चितेलाही लाकूड लागतंच. पण निगमबोध घाटाच्या स्मशानाकडे जाणाऱ्या एखाद्या गाडीत तुतीचा किंवा वेड्या बाभळीचा मांडीएवढा जाड ओंडका दिसला की जीव खालीवर होतो.

म्हणून एक विनंती. आंधीनंतर तुमच्या सोसायटीच्या आवारात फांदी पडली, ती रस्त्यातून हटवायचीच असली, आणि माळी किंवा उद्यान विभागाची हरकत नसली, तर हातभर लांबीचे दोन तुकडे बाजूला ठेवून घ्या. तुकडा दोन्ही टोकांकडून सर्वात आधी तडकतो, कारण पाणी तिथूनच लवकर उडतं. त्याच दिवशी दोन्ही टोकांना मेण, जुना ऑइल पेंट, काही नसेल तर फेव्हिकोलचा जाड थर लावा. साल तशीच राहू द्या. गच्चीवर उन्हात नको, जिन्याखाली सावलीत, विटांवर ठेवा. वर झाडाचं नाव आणि तारीख खडूनं लिहा. तुमच्याकडे लेथ नसला तरी चालेल, ज्याच्याकडे आहे असा कुणीतरी भेटतोच. आणि तुकडा वेड्या बाभळीचा असेल तर काट्यांना भिऊन टाकून देऊ नका, हातमोजे घाला.